कॅप्टन ब्रिटनची बिऱ्हाडं: ऐंशीच्या सुमाराची ब्रिटिश सुपरहिरो साप्ताहिकं वाचायला सुरुवात कशी करावी

माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फूटपाथवर जुनी पुस्तकं विकायला बसतात, तिथे १९८८ साली दादाने मला ‘हल्क कॉमिक’चा एक अंक घेऊन दिला. मुखपृष्ठ गेलेलं, पिना गंजलेल्या. आत हल्क होताच, पण माझं लक्ष गेलं ते मधल्या काही पानांच्या वेगळ्याच गोष्टीकडे. काळ्या चिलखतातला एक सरदार, आर्थर राजाच्या काळातलं वाटावं असं वातावरण, आणि सोबत एक धिप्पाड माणूस, ज्याची स्मृती गेली आहे. गोष्ट ऐन मोक्याला तुटली होती. पुढचा अंक त्या ढिगात नव्हता, पुढच्या आठवड्यातही नव्हता. तो धिप्पाड माणूस म्हणजे मार्व्हलचा ब्रिटिश सुपरहिरो कॅप्टन ब्रिटन, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

ती वर्षं तुमची जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे. या कॉमिक्सकडे नव्याने वळणारा वाचक बहुतेक वेळा एकाच जागी अडकतो. नावं फार, अंकांचे क्रमांक विचित्र, मासिकं मध्येच बंद पडतात आणि नायक भलत्याच अंकात सापडतो. सगळं एकदम समजून घ्यायला जाऊ नका. एक नायक धरा आणि तो कुठे कुठे राहायला गेला ते बघत चला. कॅप्टन ब्रिटन त्यासाठी सगळ्यात चांगला, कारण दहा वर्षांत त्याने जितकी बिऱ्हाडं बदलली तितकी क्वचितच कुणी बदलली असतील. त्याच्या मागे गेलात की तो सगळा काळ आपोआप पायाखालून जातो.

आधी साप्ताहिक म्हणजे काय ते समजून घ्या

अमेरिकेत सुपरहिरोचं कॉमिक महिन्याला एक, रंगीत, आणि अंकभर एकाच नायकाची गोष्ट. ब्रिटनमधली पद्धत वेगळी होती. तिथे मुलांचं कॉमिक दर आठवड्याला, कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याकडे, स्वस्त कागदावर, बहुतांशी काळं-पांढरं यायचं. एका अंकात चार-पाच नायक, प्रत्येकाच्या वाट्याला थोडी पानं, आणि जवळजवळ प्रत्येक गोष्टीच्या शेवटी ‘क्रमशः’.

मार्व्हलच्या ब्रिटिश शाखेने १९७२ मध्ये ‘द मायटी वर्ल्ड ऑफ मार्व्हल’ सुरू केलं आणि १९७३ मध्ये स्पायडर-मॅनचं साप्ताहिक. मजकूर अमेरिकेतून आलेला, पुनर्मुद्रित. सतरा ते बावीस पानांची अमेरिकी गोष्ट कापून दोन-तीन आठवड्यांत वाटायची. जिथे कापली तिथे पुढच्या भागाला दणदणीत पहिलं पान हवं, म्हणून ते कधी कधी नव्याने काढून घ्यायचे. काळ्या-पांढऱ्यात चित्र सपाट दिसू नये म्हणून वर राखाडी छटा चढवायचे. मूळ अमेरिकी अंक आणि ब्रिटिश साप्ताहिक शेजारी ठेवून पाहा, तीच गोष्ट वेगळ्या दमाने चालताना दिसेल.

यातली अडचण साध्या हिशेबाची आहे. अमेरिकेत महिन्याला एक गोष्ट तयार होते, ब्रिटनमध्ये महिन्याला चार अंक भरायचे असतात. साठा संपत जातो. मग गोष्टींचे तुकडे लहान करा, दुय्यम नायक आणा, जुनं पुन्हा छापा, नाहीतर स्वतः काहीतरी नवीन काढा. हा शेवटचा मार्ग महागडा. पण या काळातलं जे काही आज आवर्जून वाचावंसं वाटतं, ते त्याच मार्गाने आलं.

मुखपृष्ठावरची तारीख आणि क्रमांक

ही पायरी कंटाळवाणी वाटेल. टाळू नका, पुढे पैसे वाचतात.

साप्ताहिकावरची तारीख ही सहसा अंक दुकानात आल्याची तारीख नसते. जुना अंक काढून नवीन लावायचा दिवस पेपरवाल्याला कळावा म्हणून ती पुढची छापत. ‘द मायटी वर्ल्ड ऑफ मार्व्हल’च्या पहिल्या अंकावर ७ ऑक्टोबर १९७२ आहे, तो त्याच्या आदल्या आठवड्यातच विकायला आला होता. ॲन्युअलचंही तसंच. नाताळच्या भेटीसाठी निघणारं हे जाड पुठ्ठ्याचं पुस्तक पुढच्या वर्षाचा आकडा घेऊन यायचं. १९८१चं ॲन्युअल म्हणजे १९८० च्या नाताळचं. आपल्याकडे दिवाळी अंकांचं जे स्थान, ते तिथे ॲन्युअलचं.

क्रमांकांची गंमत आणखी पुढची. ‘मार्व्हल सुपरहिरोज’ हे मासिक १९७९ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालं ते थेट ३५३ या क्रमांकाने. कारण ‘द मायटी वर्ल्ड ऑफ मार्व्हल’चे ३२९ अंक झाल्यावर त्याचं नाव ‘मार्व्हल कॉमिक’ झालं, ते ३५२ पर्यंत चाललं, आणि मग तेच नाव बदलून मासिक झालं. क्रमांक मात्र १९७२ पासून सलग. स्पायडर-मॅनच्या साप्ताहिकाने तर इतकी नावं घेतली की मी वहीत वेगळं पान केलं आहे: कधी कॅप्टन ब्रिटन सोबत, कधी हल्क सोबत, शेवटी ‘स्पायडी कॉमिक’. तरी १९७३ पासून डिसेंबर १९८५ मधल्या ६६६ व्या अंकापर्यंत तो एकच धागा आहे. शोधताना नावावर जाऊ नका, क्रमांकावर जा.

आणि विलीनीकरण. खप घसरला की अंक बंद होत नसे, तो दुसऱ्या अंकाच्या पोटात जाई. मुखपृष्ठावर ‘सर्व वाचकांसाठी आत आनंदाची बातमी’ अशा अर्थाचं काही झळकलं की अनुभवी मुलांच्या पोटात गोळा यायचा. पुढच्या आठवड्यात दोन नावं एकत्र छापली जायची, काही महिन्यांनी दुसरं नाव बारीक व्हायचं आणि मग दिसेनासं व्हायचं. त्यात नायकांपैकी एक-दोघांनाच नव्या घरात जागा मिळे.

बिऱ्हाडं, क्रमाने

आता कॅप्टन ब्रिटनच्या मागे चला.

पहिलं घर त्याचं स्वतःचं. १३ ऑक्टोबर १९७६ तारखेचा ‘कॅप्टन ब्रिटन’ साप्ताहिकाचा पहिला अंक, सोबत कॅप्टनचा मुखवटा फुकट. लेखक क्रिस क्लेरमाँट, चित्रकार हर्ब ट्रिम्प, म्हणजे मुख्य कारागीर अमेरिकी. ब्रायन ब्रॅडॉक नावाचा तरुण, त्याच्यापुढे आर्थर राजाचा जादूगार मर्लिन आणि त्याची मुलगी रोमा एक तलवार आणि एक ताईत ठेवतात, तो ताईत निवडतो. लाल पोशाख, छातीवर सिंह. ३९ अंकांनंतर, जुलै १९७७ मध्ये हे घर मोडलं आणि तो काही महिने स्पायडर-मॅनच्या साप्ताहिकात पोटभाडेकरू झाला. खरं सांगायचं तर यातलं थोडंसं वाचलंत तरी पुरे. इथे ब्रिटन फक्त पाट्यांपुरतं आहे.

तिसऱ्या घरापासून गोष्ट खरी होते. १९७९ च्या मार्चमध्ये डेझ स्किन या संपादकाने ‘हल्क कॉमिक’ साप्ताहिक काढलं आणि त्यात ब्रिटिश मंडळींकडून नवीन काम करून घेतलं. इथल्या हल्कच्या काही गोष्टी स्टीव्ह डिलनने काढल्या तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. स्टीव्ह पार्कहाउस आणि डेव्हिड लॉइड यांचा ‘नाइट रेव्हन’ हा १९३० च्या दशकातला मुखवटाधारी इथलाच, त्याचे अंधारे रस्ते सावकाश बघा. आणि ‘ब्लॅक नाइट’: पार्कहाउसचं लेखन, जॉन स्टोक्स आणि पॉल नियरी यांची चित्रं. स्मृती गेलेला कॅप्टन ब्रिटन या गोष्टीत सापडतो. दर आठवड्याला थोडीच पानं, पण त्या पानांत धुकं आहे, दगड आहेत, कॅमेलॉट आहे. अमेरिकी सुपरहिरो शहराच्या गच्च्यांवरून उड्या मारतो. हा चिखलातून चालतो. मला वाटतं कॅप्टन ब्रिटनला त्याचा देश पहिल्यांदा इथे मिळाला.

‘हल्क कॉमिक’ ६३ अंक चाललं, १९८० मध्ये स्पायडर-मॅनमध्ये विलीन झालं. कॅप्टन पुन्हा बेघर.

चौथं घर ‘मार्व्हल सुपरहिरोज’, अंक ३७७, सप्टेंबर १९८१. हे मासिक आहे. साप्ताहिकांच्या मार्गदर्शकात मासिक कसं, असं वाटेल. पण प्रकरणं साप्ताहिकाच्याच बेताची आहेत: मोजकी पानं, त्यात सुरुवात, झटका आणि ‘क्रमशः’. लेखक डेव्ह थॉर्प, चित्रकार ॲलन डेव्हिस. डेव्हिसने पोशाख नवा केला: ब्रिटिश झेंड्याच्या रंगांचा, जुन्या पलटणीच्या गणवेशाची आठवण देणारा. सुरुवातीच्या प्रकरणांत डेव्हिसचा हात अजून चाचपडतो आहे. दर महिन्याला तो सुधारत गेलेला डोळ्यांनी दिसतो, आणि तेच बघायला मी ती प्रकरणं पुन्हा काढते.

जुलै १९८२ च्या ३८७ व्या अंकापासून लेखक बदलतो आणि ॲलन मूर येतो. हे प्रकरण आणि त्याच्या पुढचं, ही दोन एका बैठकीत वाचा. माझ्या सगळ्या सूचनांमध्ये सलग वाचायला सांगणारी ही एकच. फ्यूरी नावाचं एक यंत्र येतं, त्याला फक्त मारायचं ठाऊक आहे. पुढच्या अंकात काय होतं ते सांगत नाही. इतकंच सांगते, की दर आठवड्याला नायक सुटणारच हे गृहीत धरून वाढलेल्या मुलांच्या हातातून ते गृहीतक तिथे काढून घेतलं गेलं.

पाचवं घर ‘द डेअरडेव्हिल्स’, जानेवारी ते नोव्हेंबर १९८३, अकरा अंक. यातल्या सातव्या अंकात ‘अर्थ-६१६’ हा शब्द पहिल्यांदा छापला गेला. मार्व्हलच्या मुख्य विश्वाचं हे नाव आज सिनेमा बघणाऱ्या पोरांनाही माहीत आहे, आणि ते आलं एका ब्रिटिश मासिकातल्या काळ्या-पांढऱ्या पानांवरून. सहावं घर ‘द मायटी वर्ल्ड ऑफ मार्व्हल’ची दुसरी मालिका. मूर-डेव्हिसचं मोठं कथानक तिथे १९८४ मध्ये संपतं. सातव्या वेळी त्याला पुन्हा स्वतःच्या नावाचं घर मिळतं: ‘कॅप्टन ब्रिटन’ मासिक, जानेवारी १९८५ ते फेब्रुवारी १९८६, चौदा अंक, डेव्हिससोबत लेखक जेमी डिलानो. त्यानंतर १९८८ मध्ये तो ‘एक्सकॅलिबर’ या मालिकेतून अमेरिकी कॉमिक्समध्ये गेला, पण तोवर आपला काळ संपलेला असतो.

भिंतीपलीकडे ‘वॉरियर’

मार्व्हल सोडल्यावर डेझ स्किनने मार्च १९८२ मध्ये ‘वॉरियर’ हे मासिक काढलं, ते १९८५ च्या सुरुवातीपर्यंत २६ अंक चाललं. त्यातला ‘मार्व्हलमॅन’ वाचायचाच. मूळ मार्व्हलमॅन १९५४ चा. अमेरिकेत ‘कॅप्टन मार्व्हल’ बंद पडल्यावर त्याचं ब्रिटिश पुनर्मुद्रण अडलं, तेव्हा मिक अँग्लोने त्याच धर्तीवर हा घडवला, आणि तो १९६३ पर्यंत टिकला. ॲलन मूरने विचारलं: तो माणूस आता चाळिशीत असेल आणि आपण कोण होतो हेच विसरला असेल तर? माइकल मोरन, म्हणजे तोच विसरलेला मार्व्हलमॅन, अणुकेंद्रात काचेच्या दारावरचं ‘ॲटॉमिक’ पलीकडून उलटं वाचतो, आणि त्याला सुपरहिरो करणारा हरवलेला मंत्र त्याच्या तोंडून निघतो: किमोटा.

सुरुवातीची चित्रं गॅरी लीचची, नंतर ॲलन डेव्हिसची. म्हणजे १९८२ च्या शेवटापासून मूर आणि डेव्हिस ही एकच जोडी दोन वेगळ्या प्रकाशनांत दोन सुपरहिरो एकाच वेळी करत होती. दोन्ही गोष्टी महिन्यांच्या क्रमाने शेजारी ठेवून वाचा. एकात जे सैल आणि रंगेल आहे ते दुसऱ्यात घट्ट आणि भीतिदायक होतं. मला यातून जेवढं शिकायला मिळालं तेवढं कॉमिक्सवरच्या कुठल्याच पुस्तकातून नाही. पुढे अमेरिकेत नाव बदलून तो ‘मिरॅकलमॅन’ झाला, आणि संग्रह शोधताना याच नावाने शोधावा लागतो. मार्व्हलने २०१४ पासून पुन्हा छापलेल्या अंकांवर मूरच्या इच्छेनुसार त्याचं नाव नाही, ‘मूळ लेखक’ एवढंच आहे. गोंधळू नका.

लाइम स्ट्रीटचा बिबट्या

मार्व्हलच्या बाहेरही सुपरहिरो होते, तेही अस्सल साप्ताहिकांत. आयपीसी या प्रकाशनाच्या ‘बस्टर’ या मुख्यतः विनोदी साप्ताहिकात १९७६ ते १९८५ ‘द लेपर्ड फ्रॉम लाइम स्ट्रीट’ चालू होतं. टॉम टलीचं लेखन, माइक वेस्टर्न आणि एरिक ब्रॅडबरी यांची चित्रं. बिली फार्मर या शाळकरी मुलाला किरणोत्सर्गी बिबट्या ओरबाडतो. बीज स्पायडर-मॅनचं हे उघड आहे. पण बिली ज्या घरात राहतो तिथला काका हात उगारणारा, घरात चणचण, आणि गल्ली उत्तरेकडच्या कुठल्याही ब्रिटिश गावातली. रात्री भिंती चढणारा हा मुलगा दिवसा काकापासून अंग चोरतो. रिबेलियन या प्रकाशनाने आयपीसीचा जुना ठेवा विकत घेतल्यावर याचे संग्रह काढले आहेत. मुलांना ब्रिटिश कॉमिक्सची ओळख करून द्यायची असेल तर मी यानेच करून देते.

अगदी लहानांसाठी डीसी थॉमसन या ब्रिटिश प्रकाशनाच्या ‘नटी’ साप्ताहिकातला ‘बनानामॅन’, १९८० पासून, चित्रं जॉन गिअरिंगची. एरिक केळं खातो आणि सुपरहिरो होतो. १९८३ मध्ये बीबीसीवर त्याची कार्टून मालिकाही आली.

विकत घेताना

आधी संग्रह वाचा, मग अंक घ्या. मूर-डेव्हिसचा कॅप्टन ब्रिटन संग्रहात मिळतो, पण त्यात रंग नंतर भरलेले आहेत. आवडला तर मूळ काळी-पांढरी पानं बघण्यासाठी दोन-चार अंक मागवा. फरक लगेच कळतो. डेव्हिसने काळ्याचे जे मोठे गोळे जागेवर ठेवले आहेत ते रंगाखाली दबतात. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना ब्रिटिश लायब्ररीचा वाचक-परवाना काढून मूळ साप्ताहिकं बघता येतात, कारण कायद्याने प्रत्येक प्रकाशनाची प्रत तिथे जमा होते. भारतातून मागवणाऱ्याला अंकापेक्षा टपालखर्च जास्त पडतो. म्हणून सुटा अंक मागवू नका, सलग अंकांचा गठ्ठा शोधा. साप्ताहिकाचा सुटा अंक वाचून तसाही जीव टांगणीला लागतो, हे मी किंग्ज सर्कललाच शिकले.

विक्रेत्याला चार गोष्टी विचाराच. मधलं जोडपान आहे का? तिथे बऱ्याचदा पोस्टर असे आणि ते भिंतीवर गेलेलं असतं. कुपनं कापली आहेत का? कुपनाच्या पाठीमागे गोष्टीचं पान असतं. पिना गंजल्या आहेत का? आणि पहिल्या दोन-तीन अंकांसोबतची फुकट भेटवस्तू हवी आहे की नको? ती असली की किंमत कितीतरी पटीने चढते. वाचायला घेणाऱ्याने तिचा मोह सोडावा. मी एकदा हे न विचारता वीस अंक घेतले आणि त्यातल्या सात अंकांची मधली पानं नव्हती. विक्रेत्याने खोटं सांगितलं नव्हतं, मीच विचारलं नव्हतं.

वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने किंवा पेनने एखादा आकडा दिसेल. तो दोष समजून अंक परत करू नका. पेपरवाला घरोघर टाकायच्या अंकावर घराचा नंबर लिहायचा. माझ्याकडच्या एका सलग गठ्ठ्यावर सगळीकडे ‘१४’ आहे. कुठल्या तरी रस्त्यावरच्या चौदा नंबरच्या घरात एक मूल दर आठवड्याला दारातल्या फटीतून हा अंक पडायची वाट बघायचं.

पावसाळ्यात

हा कागद वर्तमानपत्राचा. टिकायला केलेलाच नाही. त्यातच आम्ल असतं, उजेडात तो पिवळा पडतो आणि कडांना तुकडे पडायला लागतात. मुंबईत, कोकणात, गोव्यात त्यात दमट हवा आणि कसर. माळ्यावर टाकू नका, बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात नको, आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून तर अजिबात नको, कारण त्याचंही आम्ल यातच उतरतं. आम्लविरहित पुठ्ठा, प्रत्येक अंकाला स्वच्छ पाकीट, खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि पाऊस उघडला की एक दिवस खोकी सावलीत उघडी ठेवायची. सेलोटेप लावू नका. फाटलं असेल तर फाटलेलं राहू द्या. गंजलेली पिन कागदाला डाग देते, ती बोथट चाकूने हळूच उकलून काढा आणि पानं तशीच एकत्र ठेवा.

एक वही करा. डाव्या बाजूला अंकाचं नाव त्या वेळी जे होतं ते, मग क्रमांक, तारीख, आणि शेवटच्या रकान्यात कॅप्टन कुठल्या पानावर आहे ते. नावं बदलतात तिथे आडवी रेघ मारा. आणि पहिल्यांदा वाचताना, निदान ‘हल्क कॉमिक’ तरी, आठवड्याला एकच अंक वाचा. दोन भागांच्या मधले सात दिवस लेखक-चित्रकारांनी हिशेबात धरले होते. त्या दिवसांत मूल शाळेत जायचं, मित्राशी पैज लावायचं, पुढचं पान मनात काढायचं. सलग वाचलं की तीच तीच आठवण करून देणारी वाक्यं खटकतात. आठवडा जाऊ दिला की त्यांची गरज लागते.

माझ्या वहीत ‘हल्क कॉमिक’च्या रकान्यात अजून चार जागा रिकाम्या आहेत. किंग्ज सर्कलचा तो मुखपृष्ठ नसलेला अंक मी पहिल्या पाकिटात ठेवला आहे. त्याचा क्रमांक मुखपृष्ठाबरोबर गेला होता. गोष्टीच्या दुव्यांवरून तो मी गेल्या वर्षी निश्चित केला आणि पाकिटावर पेन्सिलीने लिहिला.